पदवीपासून पदापर्यंत : आपल्या मुलींची वाट कोठे अडते?

मागील हिवाळ्यात संस्थेचे दोन दिवसांचे विद्यार्थी शिबिर भंडारदऱ्याजवळ शेंडी येथे भरले होते. स्पर्धा परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि शैक्षणिक कर्ज यांवर बोलण्याचे काम आमच्याकडे होते. आमची नोकरी बँकेतली, तीही कारकुनाची. त्यामुळे कर्जाचे व अर्जाचे आम्हांला थोडेफार कळते, एवढीच आमची पात्रता. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. ती एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. तिने विचारले, "सर, पदवीपर्यंत शिकायला आता घरचे नाही म्हणत नाहीत. पण 'मला कॉलेजात प्राध्यापक व्हायचे आहे' असे म्हटले की सगळे गप्प का होतात?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. जिद्द ठेवावी, परिस्थितीवर मात करावी, असे जे नेहमी सांगतात तेच. टाळ्याही पडल्या. परंतु ती मुलगी खाली बसली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, आणि आमच्याही मनात नव्हते. स्मरणिकेसाठी लेख द्या असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर आला. त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते, ते येथे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिले दार नगरात

स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना आपण पुण्यापासून सुरुवात करतो. पण त्याचा एक धागा आपल्या जिल्ह्यातून निघतो. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार यांनी नगर येथे मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. त्या शाळा पाहून महात्मा जोतीराव फुले यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू झाली आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे, असे सांगितले जाते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सावित्रीबाई केवळ शिकल्या नाहीत, त्या शिकवू लागल्या. शिकणारी मुलगी समाजाने कुरकुरत का होईना चालवून घेतली असती. परंतु शिकवणारी स्त्री, म्हणजे ज्ञानाच्या जागी अधिकाराने उभी राहिलेली स्त्री, समाजाला सहन झाली नाही. शेण आणि दगड आले ते या कारणाने. शिकणे वेगळे आणि विद्येच्या क्षेत्रात पद मिळवणे वेगळे. हा फरक त्या काळी होता आणि आज वेगळ्या रूपाने आहे. आमच्या लेखाचा विषय हा फरकच आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मुळापासून ओळखला होता. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या व भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे दलित महिलांच्या परिषदेत हजारो स्त्रियांसमोर त्यांनी सांगितले की, समाजाची प्रगती मोजायची तर स्त्रियांची प्रगती पाहावी. लग्नाची घाई करू नये आणि पत्नीने नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे, दासी म्हणून नव्हे, हेही त्याच भाषणात त्यांनी सांगितले. भारतीय संविधानाच्या कलम १५ व १६ मध्ये लिंगावरून भेदभाव करता येणार नाही आणि शासकीय नोकरीत संधी समान राहील, हे लिहिले गेले. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे बिल प्रमुख होते.

तेव्हा कायद्याने दार उघडले आहे. मग वाट अडते कोठे?

दार उघडले, पण अटींवर

महाराष्ट्रातील तीन विदुषींची उदाहरणे येथे देत आहोत. तिघींच्या काळात, घरात आणि जातीत फरक आहे. अडथळा मात्र एकमेकांशी नाते सांगणारा आहे.

पहिल्या डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र घेऊन उत्तम गुणांनी बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. कमलाबाई तेथे जाऊन बसल्या आणि कारण विचारू लागल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : एक वर्ष उमेदवारीचे, काम समाधानकारक वाटले तरच ते मान्य, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी काम करावे, आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू देऊ नये! वर्षभरात त्यांनी काम करून दाखविले आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. पुढे १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, नीरेवर आणि गरिबांच्या आहारावर त्यांनी संशोधन केले. त्याच संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना उशिरा मिळाले.

दुसऱ्या डॉ. इरावती कर्वे. जर्मनीत जाऊन त्यांनी बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानववंशशास्त्र या विषयांत मोठे काम केले. त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे हे थोर गृहस्थ. तरीही सुनेने जर्मनीला जावे हे त्यांना पसंत नव्हते, असे सांगतात. पती प्रा. दिनकर कर्वे ठामपणे पाठीशी उभे राहिले म्हणून त्या गेल्या. यातून शिकण्यासारखे हे की, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या घरातही 'इतके पुरे' ही रेषा असते. ती रेषा कोणी ओढतो आणि कोणी पुसतो, यावर बाईचे आयुष्य ठरते.

तिसऱ्या डॉ. कुमुद पावडे. त्या आपल्या समाजाच्या. नागपूरच्या महार कुटुंबात जन्मलेल्या या मुलीने संस्कृत घेतले आणि एम.ए. केले. ज्या भाषेचा शब्द कानी पडणे आपल्या पूर्वजांना निषिद्ध होते, ती भाषा शिकवण्याची पात्रता त्यांनी मिळविली. परंतु नोकरी मिळेना. पुढे आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले, आणि त्यानंतर महाविद्यालयात अध्यापनाची नोकरी मिळाली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या 'अंतःस्फोट' या पुस्तकात त्यांनी हा अनुभव लिहिला आहे. नोकरी मिळाली ती लग्नानंतरच्या नावाला, माहेरच्या नावाला नव्हे, ही बोच त्यांनी लपविली नाही. कमलाबाईंना व इरावतीबाईंना स्त्री म्हणून अडविले गेले. कुमुदताईंच्या वाट्याला स्त्रीत्व आणि जात असे दोन्ही उंबरे आले. आपल्या मुलींचा विचार करताना हे दोन उंबरे एकत्र धरावे लागतात.

आजचा हिशेब काय सांगतो?

आज तशी परिस्थिती राहिली नाही, असे अनेकजण म्हणतात. ते काही अंशी खरे आहे. केंद्र शासनाच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात उच्च शिक्षण घेणारे सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांपैकी सुमारे २ कोटी ७ लाख मुली, म्हणजे जवळजवळ निम्म्या. पीएच.डी.ला नाव घातलेल्या सुमारे २ लाख १२ हजारांमध्ये सुमारे ९९ हजार स्त्रिया होत्या. महाविद्यालयीन शिक्षकांमध्ये स्त्रिया ४३ टक्के होत्या.

आकडे वाचून बरे वाटते. परंतु बँकेत काम करणाऱ्याला एक सवय असते. एकूण रक्कम पाहून तो थांबत नाही, खाते उलगडून पाहतो. शिक्षकांची ही रांग उलगडली तर खालच्या पायरीवर, सहायक प्राध्यापक आणि तात्पुरत्या नेमणुकांत, स्त्रिया पुष्कळ दिसतात. सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख, प्राचार्य, कुलगुरू अशा वरच्या पायऱ्या चढत जावे तसतशी त्यांची संख्या घटत जाते. मुली वर्गात आल्या आणि काही व्यासपीठावरही आल्या. जेथे निर्णय होतात त्या खुर्चीपर्यंत मात्र थोड्याच पोहोचल्या.

ही शिडी कशी असते?

आपल्या घरांत प्राध्यापक फार झालेले नाहीत, म्हणून विद्यार्थ्यांसाठी ही शिडी थोडक्यात सांगतो. प्रथम पदव्युत्तर पदवी, त्यात ५५ टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना ५० टक्के चालतात. मग नेट किंवा सेट ही परीक्षा. त्यानंतर सहायक प्राध्यापकाची जागा निघण्याची वाट पाहायची. जागा वेळेवर निघत नाहीत. तोपर्यंत तासिका तत्त्वावर काम करावे लागते. त्यात जेवढे तास तेवढे मानधन. सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षाची खात्री नाही. वरच्या पदासाठी पीएच.डी. लागते, संशोधनपर लेख लागतात, चर्चासत्रे व उजळणी वर्ग लागतात.

आता वयाचा हिशेब मांडा. मुलगी तेविसाव्या वर्षी एम.ए. होते. दोन वर्षे नेट-सेटची. चार-पाच वर्षे तासिका तत्त्वाची. पाच-सहा वर्षे पीएच.डी.ची. म्हणजे तेवीस ते पस्तीस ही वर्षे या शिडीसाठी द्यावी लागतात. नेमकी हीच वर्षे आपण मुलीच्या लग्नासाठी, बाळंतपणासाठी आणि सासरच्या घरासाठी ठरवून ठेवली आहेत. मुलाच्या बाबतीत तीच वर्षे 'करिअरची' म्हणतात. त्याचे लग्न झाले तर त्याला अभ्यासाला मदतनीस मिळते, आणि तिचे लग्न झाले तर तिच्या अभ्यासाला वाटेकरी मिळतात! शिडी दोघांना सारखीच आहे. चढताना तिच्या डोक्यावर हंडा आहे आणि त्याच्या डोक्यावर नाही, एवढाच फरक.

यात गावाचे अंतर मिसळा. भंडारदऱ्याच्या वाड्यांतील मुलीला पुढच्या शिक्षणासाठी राजूर, मग अकोले, मग संगमनेर आणि शेवटी पुणे असे उतरत जावे लागते. २०२३ सालापासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोग होतो. पण संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर मुलगा मित्राकडे राहतो, आणि मुलीचे कॉलेजच बंद होते.

वेळेचे खाते

केंद्र शासनाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. फरक २०२ मिनिटांचा. म्हणजे दिवसाला तीन तासांहून जास्त. वर्षाचे होतात सुमारे १,२०० तास. रोज सहा तास अभ्यास धरला तर २०० दिवसांचा अभ्यास!

पुरुष उमेदवार आणि स्त्री उमेदवार मुलाखतीला शेजारी बसतात तेव्हा निवड समिती दोघांचे लेख मोजते. एकाकडे दरवर्षी २०० दिवस जास्त होते, हे कोणी मोजत नाही. 'संधी सर्वांना समान आहे, गुणवत्ता दाखवा' असे म्हणणाऱ्यांनी हे खाते एकदा पाहावे. बँकेत दोन खातेदारांना एकच व्याजदर दिला, पण एकाच्या खात्यातून दर महिन्याला गुपचूप रक्कम वळती केली, तर त्याला समान वागणूक कोणी म्हणणार नाही.

आमच्या घरातील गोष्ट

दुसऱ्यांना उपदेश करणे सोपे असते. म्हणून आमच्याच घरातले सांगतो.

आमची थोरली बहीण आमच्याहून हुशार. घरात पहिली पदवीधर ती, पहिली एम.ए. ती. पहिल्याच प्रयत्नात सेट उत्तीर्ण झाली आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. त्या वेळी आम्ही बी.ए. होऊन बँकेच्या परीक्षांची तयारी करीत होतो. वडिलांकडे पैसे नव्हते. पुण्यातील शिकवणीची फी व खोलीचे भाडे ताईच्या मानधनातून जात असे. तिला पीएच.डी.ला नाव घालायचे होते. 'आधी याचे होऊ दे' असे घरात ठरले. तिला कोणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. आम्हीही विचारले नाही.

आमचे झाले. आम्हांला नोकरी लागली त्याच वर्षी तिचे लग्न झाले. सासर दूरचे. मेहुणे चांगले आहेत, कधी वाकडा शब्द नाही. पण तासिका तत्त्वाच्या चार पैशांसाठी रोज इतक्या लांब कशाला जायचे, असे हळूहळू झाले. मग मुले झाली, सासूबाईंचे आजारपण आले. सेटचे प्रमाणपत्र आजही तिच्या पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. यात कोणी खलनायक नाही. कोणी तिला मारले नाही, कोंडले नाही. सगळे भल्यासाठीच करीत होते, आणि आम्ही त्यात सर्वांत जास्त लाभ झालेले आहोत.

आपल्याकडे म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. भंडारद‍ऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. तेव्हापासून प्रवरेच्या पाण्यावर खालची शेते पिकली. परंतु उन्हाळ्यात धरणाच्या वरच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन डोंगर चढताना आपण पाहतो. आमच्या घरात तसेच झाले. ताईच्या कष्टाचे पाणी आमच्या शेताला आले आणि तिचे शेत कोरडे राहिले. असे घर एकट्या आमचे नसावे. हे वाचणाऱ्या अनेकांनी आपल्या पगारपत्रकाकडे एकदा या नजरेने पाहावे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, घर सांभाळणे हा स्त्रीचा स्वभावच आहे. स्वयंपाक हा स्वभाव असता तर हॉटेलात आचारी पुरुष का असते? शिवणकाम हा स्वभाव असता तर गावोगाव शिंपी पुरुष का असते? त्या कामाचे पैसे मिळू लागले की पुरुष करतो, फुकट असेल तेव्हा तो बाईचा स्वभाव होतो. म्हणजे ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, माणसाने केलेली आहे. माणसाने केलेली वाटणी माणसाला बदलता येते, हाच तर बाबासाहेबांचा विचार.

दुसरा आक्षेप बुद्धीचा. त्याला उत्तर देण्यासाठी अकोले तालुक्याबाहेर जाण्याची गरज नाही. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु देशी बियाणे जपण्याचे त्यांचे काम पाहायला कृषी विषयाचे विद्यार्थी व अभ्यासक त्यांच्या दारी येतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान त्यांच्याकडे होतेच. विद्यापीठाची वाट मात्र त्यांच्या घरापर्यंत आली नव्हती. ती आली असती तर त्या कोणत्या पदावर असत्या, याचा विचार करावा.

तथागतांच्या धम्मातही याचे उत्तर आहे. सोमा भिक्षुणीला माराने हिणवले की, स्त्रीच्या तोकड्या बुद्धीला हे उच्च पद मिळणार नाही. तिने उत्तर दिले की, चित्त स्थिर असेल आणि ज्ञान उजळले असेल तेथे स्त्रीपणाचा संबंध काय? धम्मदिन्ना भिक्षुणीला तिच्या पूर्वीच्या पतीने, विशाखाने, धम्माविषयी कठीण प्रश्न विचारले आणि तिने एकेकाचे उत्तर दिले. ती उत्तरे तथागतांना सांगितली तेव्हा, मीही हेच सांगितले असते, असे ते म्हणाले. अडीच हजार वर्षांपूर्वी एक स्त्री शिकवते आणि तिचा नवरा शिकतो, हे आपल्या परंपरेने जपून ठेवले आहे. आपण विहारात त्याचे वाचन करतो. घरी येऊन काय करतो, हा प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप असा : मुलेच बेकार आहेत, त्यात मुलींना कशाला पुढे करता? मुलांची बेकारी खरी आहे, आम्ही ती रोज काउंटरवर पाहतो. पण जागा भरल्या जात नाहीत याला मुली जबाबदार नाहीत. जागा भरण्याची मागणी दोघांनी मिळून करावयाची आहे.

विद्यार्थिनींनी माहीत करून घ्यावे असे

काही सोयी आहेत, पण त्या घरापर्यंत पोहोचत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी सहा वर्षांची मुदत आहे. स्त्री संशोधकांना त्यावर दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीला ३० वर्षांची वयोमर्यादा असली तरी स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट देण्यास वयाची अट नाही. अनुसूचित जातीच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणाच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीत ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. नोकरीत असलेल्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा कायद्याने मिळते. महाविद्यालयात छळ झाला तर तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्या समितीचे सदस्य कोण, हे प्रवेश घेतानाच विचारून ठेवावे.

शैक्षणिक कर्जाबाबत आमच्या धंद्यातले सांगतो. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज पतहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही. बऱ्याच बँका मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत देतात. तरीही आमच्या काउंटरवर मुलाच्या कर्जाची चौकशी करायला बाप येतो, आणि मुलीच्या कर्जाची चौकशी करायला बहुधा ती एकटीच येते.

आपण काय करावे?

संस्थेपुढे व सभासदांपुढे चार गोष्टी ठेवतो. पहिली, गुणवंतांचा सत्कार दहावी-बारावीला थांबतो. नेट, सेट व पीएच.डी.च्या विद्यार्थिनींसाठी वेगळी मदत ठेवावी, आणि ती हार-श्रीफळाऐवजी फी, पुस्तके व पुण्यातील राहण्याचा खर्च यांसाठी असावी. दुसरी, ज्या मुलींचे शिक्षण लग्नानंतर थांबले त्यांची यादी करावी. त्यांच्या पदव्या रद्द झालेल्या नाहीत. तिसरी, लग्न जुळवताना मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे आधी बोलावे, मानपानाचे नंतर. आणि चौथी, सर्वांत सोपी व सर्वांत कठीण : घरातील मुलग्याला आजपासून भाकरी थापायला, भांडी घासायला आणि आजारी माणसाची सेवा करायला शिकवावे. त्याच्या हातून झालेले तीन तासांचे काम म्हणजे त्याच्या बहिणीचा तीन तासांचा अभ्यास आहे.

नाशिकच्या शांताबाई दाणी यांनी आपले आयुष्य चळवळीला आणि मुलींच्या शिक्षणाला दिले. अकोल्याच्या अगस्ति महाविद्यालयाच्या विज्ञान शाखेला दादासाहेब रूपवते यांचे नाव आहे. ही माणसे आपल्या परिसरातील. त्यांनी शाळा-कॉलेजांची दारे बांधली. त्या दारांतून मुलीला वेळ मिळून आत जाता यावे, एवढे काम आपल्यासाठी उरले आहे.

शिबिराहून परतल्यावर आम्ही ताईकडे गेलो. पीएच.डी.ला वयाची मर्यादा नसते, प्रवेश परीक्षेचा अर्ज भरू या, असे सांगितले. ती हसली. म्हणाली, "अरे, मला आता कोण प्रवेश देणार? आणि आईचं कोण बघणार?" आमची आई गेली काही वर्षे तिच्याकडे असते. मुलगा असून आई मुलीकडे का, हे तोवर आम्हांला कधी सुचले नव्हते. जून महिन्यात आम्ही आईला आमच्याकडे आणले. आईच्या औषधांच्या वेळा आता आमच्या भिंतीवर लिहिल्या आहेत. ताईने अजून अर्ज भरलेला नाही. परवा फोनवर मात्र तिने विचारले, सेटचे जुने प्रमाणपत्र चालते ना? चालते, आम्ही सांगितले. त्याला मुदत नसते.

२०१४ सालापासून पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. भंडारदऱ्याची मुलगी पदवीधर होते तेव्हा तिच्या पदवीपत्रावर ते नाव असते. शिबिरातल्या त्या मुलीला आमचे उत्तर एवढेच : बाई, वाट तुझ्या बुद्धीपाशी अडलेली नाही. ती आमच्या घरांत अडलेली आहे, आणि तेथून ती मोकळी करण्याचे काम आमचे आहे. तू अर्ज भर.

जयभीम! नमो बुद्धाय!